पुरीमची ताटं भरताना या चुका टाळा

दर वर्षी पुरीम (एकमेकांना खाऊचे वाटे पाठवायचा आपला यहुदी सण) झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीखालच्या कचऱ्याच्या डब्यांकडे बघवत नाही. सेलोफेनचे चुरगाळलेले कागद, रंगीत कागदी भुसा, आणि त्यात अर्धवट खाल्लेली, कधी हातही न लागलेली बिस्किटं, ओझ्ने हामान (सारण भरलेली तिकोनी बिस्किटं), करंज्या. ठाण्यातून इस्राएलमध्ये अश्दोदला आले त्याला आता बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत चुका बदललेल्या नाहीत. नव्या सुना, नव्यानं आलेल्या मुली दर वर्षी उत्साहानं तेच करतात आणि मग हळहळतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

आधी धर्माचं मागणं किती आहे ते बघा. पुरीमची गोष्ट सांगणाऱ्या, बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात (9:22) एकमेकांना वाटे पाठवा आणि गरिबांना दान द्या, एवढं सांगितलंय. तल्मुदानं, म्हणजे आपल्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथानं, त्याचं माप घालून दिलं: एका माणसाला दोन खाण्याचे पदार्थ, आणि दोन गरिबांना दोन दानं. मिश्लोआख मानोत, म्हणजे वाटे पाठवणं, ते एवढंच. चाळीस टोपल्या, प्रत्येकीत बारा वस्तू आणि वर रिबिनीचं फूल, हे कुठंही लिहिलेलं नाही. रामबाम (मध्ययुगातला मोठा धर्मपंडित मायमॉनिडीझ) तर स्पष्ट म्हणतो की जेवणावळीवर आणि वाटे पाठवण्यावर खर्च वाढवण्यापेक्षा गरिबांच्या दानावर वाढवावा. हे वाक्य मी दर वर्षी यादी करायला बसताना आठवते आणि पाच नावं खोडते. त्या पाच टोपल्यांचे पैसे सरळ पाकिटात जातात.

गरम पदार्थ बांधणे

सगळ्यात जास्त अन्न या एका चुकीनं वाया जातं. माझ्या हातूनही गेलंय.

2025 साली पुरीम शुक्रवारी आला होता. 14 मार्च. भारतात त्याच दिवशी धुळवड, आदल्या संध्याकाळी होळी. आपल्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, बोलीत पुरीमला ‘होळीचा सण’ का म्हणतात, ते त्या वर्षी मुलांना वेगळं सांगावं लागलं नाही. मी ओल्या नारळाच्या करंज्या करायचं ठरवलं. पाच नारळ खवले, गुळात सारण शिजवलं. गुरुवारी रात्री मशिदीतून (सिनेगॉगला आपण मशीदच म्हणतो) मगिल्ला, म्हणजे एस्तेरचं पुस्तक, ऐकून आले आणि तळायला बसले. एकशेवीस करंज्या, वीस घरं, घरटी सहा. तळण संपलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. शुक्रवारचा दिवस अगदी छोटा: सकाळी पुन्हा मगिल्ला, दुपारच्या आत सेउदा (सणाचं जेवण) उरकायचा आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, मेणबत्त्या. म्हणून मी रात्रीच सगळं बांधून टाकलं. करंज्या हाताला कोमट लागत होत्या, पण म्हटलं, एवढ्यानं काय होतंय.

सकाळी सेलोफेनला आतून बारीक घाम आला होता. तो मला दिसला, आणि दिसूनही मी त्या तशाच वाटल्या. ज्यांना दिल्या त्या सगळ्यांनी दुपारी मटणाचं जेवण केलं, मग शब्बाथ लागला, मग शनिवारचा हामीन (रात्रभर मंद आचेवर शिजणारं जेवण). माझी पुडी फार कमी जणांनी उघडली. रविवारी शेजारणीचा फोन आला. ती फार हळू बोलत होती. जाऊन बघितलं तर करंजीचा पापुद्रा सादळून लगदा झालेला, मोडली तर सारणाला तार सुटलेली, आणि आंबूस वास. ती एक करंजी मी हातात धरून बराच वेळ उभी राहिले. मग एकेका घरी फोन केला आणि खाऊ नका म्हणून सांगितलं. वीस घरांपैकी तीन घरांनी त्या शुक्रवारीच खाल्ल्या होत्या. बाकी सगळ्या गेल्या.

कोमट पदार्थातून वाफ निघत राहते. हवाबंद कागदात ती बाहेर जाऊ शकत नाही, कागदाला लागून तिचं पाणी होतं आणि ते पाणी परत पदार्थावर येतं. कोरडा पापुद्रा ओला झाला की करंजीचं आयुष्य संपलं. त्यात ओला नारळ मुळातच दीड-दोन दिवसांचा धनी. या दोन्ही चुका मी एका रात्रीत केल्या.

आता माझी रीत अशी. वाटायच्या करंजीत ओला नारळ नाही. किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजते, त्यात भाजलेला रवा, खसखस, वेलची आणि सारण पूर्ण गार झाल्यावर पिठीसाखर. (इथल्या लोकांच्या ओझ्ने हामानमध्ये खसखशीचं सारण असतं. आपल्या करंजीतली खसखस त्यांना लगेच ओळखीची वाटते.) तळल्यावर करंज्या कागदावर ढीग करून टाकायच्या नाहीत. जाळीवर एकेक सुटी, वर फक्त मलमलचं पातळ फडकं. बोटांना गार लागली म्हणजे गार झाली असं नाही. हाताचा मागचा भाग लावून बघा, आणि तोही गार लागला की अजून दोन तास थांबा. मी तर रात्रभर ठेवते आणि सकाळी डब्यात भरते. डबा भरल्यावर अर्ध्या तासानं झाकणाच्या आतून बोट फिरवा. बोट ओलं झालं तर सगळं परत जाळीवर.

आणि ओल्या नारळाची पुरणपोळी किंवा करंजी द्यायचीच असेल, तर ती ताटात घालून, जेवणाच्या आधी, समोर बसवून खायला घाला. बांधून पाठवू नका.

लोक मला म्हणतात, पंख्याखाली ठेवली तर वीस मिनिटांत होतं. फ्रीजमध्ये दहा मिनिटांत होतं. पंख्याखाली वरचा पापुद्रा गार होतो, सारण तसंच राहतं. फ्रीजमधून काढलेल्या करंजीला बाहेरच्या हवेचं पाणी धरतं. गार होण्याला लागतो तेवढा वेळ लागतोच. तो नसेल तर करंजीचा नाद सोडा आणि खजूर द्या. खजूर देण्यात काहीही कमीपणा नाही.

तूप की तेल

पुरीमचा सेउदा बहुतेक घरी मटणाचा किंवा कोंबडीचा असतो. तुपातली पोळी, खव्याची बर्फी, लोण्याची बिस्किटं अशा घरी पोचली की ती तासन्‌तास कोणाला खाता येत नाहीत. मांसानंतर लगेच दुधाचं खायचं नाही हा आपला कायदा, बरेच लोक सहा तास थांबतात. तोपर्यंत दुसऱ्या दहा टोपल्या येतात आणि तुमची बर्फी मागे पडते. आपल्या आज्यांनी म्हणूनच सगळं गोड नारळाच्या दुधात बसवलं. कोकणात नारळ होता आणि कायदाही सांभाळला गेला. वाटायची पोळी तेलावर भाजा, करंजीला मोहन तेलाचं घाला, आणि वर चिठ्ठी लावा: ‘पार्वे’, म्हणजे ना दुधाचं ना मांसाचं. चिठ्ठी नसली की लोक विचारत बसत नाहीत, बाजूला ठेवतात. बाजूला ठेवलेलं कोणी खात नाही.

त्याच चिठ्ठीवर काजू, बदाम, शेंगदाणे, तीळ काय काय आहे ते लिहा.

घरचं केलेलं सगळ्यांकडे चालतं असंही धरू नका. काही घरं फक्त कोशेरच्या शिक्क्याचं, बंद पाकिटातलं खातात. त्यात तुमच्या हाताचा अपमान नाही, त्यांची रीत आहे. अशा घरी दोन तासांची मेहनत पाठवायची आणि ती कचऱ्यात जायची, यापेक्षा आधी विचारा. संत्री आणि बंद पाकिटातला खजूर, झाले दोन पदार्थ, झाली मित्झ्वा (धर्माचं कर्तव्य).

द्राक्षरसाची मोठी बाटली दोन माणसांच्या घरी देऊ नका. उघडली की संपत नाही.

चुरमुरे-चिवडा कागदी पुडीत देऊ नका, अश्दोदला समुद्राची हवा आहे, तासाभरात मऊ पडतो.

मलिदा वाटायला पाठवू नका. भिजलेले पोहे, गूळ, खोबरं आणि कापलेली फळं, हे एलियाहू हान्नाबी या प्रेषिताच्या नावानं एकत्र बसून त्याच वेळी खायचं आहे.

पेसाहचा विचार न करणे

दुसरी मोठी चूक हीच, आणि हिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते. पुरीम अदार महिन्याच्या चौदाला आणि पेसाह, म्हणजे बिनखमिराच्या भाकरीचा सण, निसान महिन्याच्या पंधराला. मध्ये बरोबर एक महिना. म्हणजे ज्या दिवशी आपण घराघरांत गव्हाची बिस्किटं, वेफर, खारे, केक नेऊन टाकतो, त्याच दिवसापासून प्रत्येक घर हामेत्स (पेसाहला घरात चालत नाही ते गव्हा-जवाचं आंबलेलं खाणं) संपवायला लागलेलं असतं. आपण प्रेमानं दिलेली वस्तू समोरच्या बाईला काम होऊन बसते. तिला ती खायची, द्यायची, विकायची किंवा टाकायची, यातलं एक महिन्याच्या आत ठरवावं लागतं. थकलेली बाई काय निवडते ते पेसाहच्या आधीच्या आठवड्यात कचऱ्याचे डबे सांगतात.

2024 साली पेसाहची साफसफाई करताना माझ्या स्वयंपाकघरातलं वरचं कपाट उघडलं. पुरीमच्या चार टोपल्या तशाच होत्या. वेफरची अकरा पाकिटं, बिस्किटांचे पाच डबे, खाऱ्या काड्या, आणि एका टोपलीत तळाशी रंगीत भुशाखाली एक चौकोनी डबा. तो उचलला तर खाली चिकटलेली चिठ्ठी, माझ्याच अक्षरात, मराठीत आणि हिब्रूत. तो डबा मी तीन इमारती पलीकडे पाठवला होता. तिथून तो कोणाकडे गेला, तिथून आणखी कोणाकडे, आणि शेवटी न उघडता माझ्याच घरी परत आला. सगळ्यांनी मित्झ्वा केली आणि एकानंही एक बिस्किट खाल्लं नाही.

त्या दिवसापासून मी गव्हाचं अगदी थोडं देते. एका घराच्या एका चहाला पुरेल एवढंच: चार माणसांना चार करंज्या. बाकी सगळं असं, जे महिनाभर टिकेल आणि गव्हाचं नसेल. खजूर, सुके अंजीर, अक्रोड, संत्री, मसाल्याच्या चहाची पूड.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. तल्मुदात, मगिल्ला भागात, एक हकिकत आहे. रब्बा या गुरूनं अबाये या शिष्याच्या हातून मारी बार मार याला पुरीमचे वाटे पाठवले: पोतंभर खजूर आणि पेलाभर भाजलेल्या धान्याचं पीठ, म्हणजे आपला सातूच. मारीनं उलट पाठवलं पोतंभर आलं आणि पेलाभर पिंपळी. यावर अबाये म्हणाला की आता रब्बा म्हणेल, मी गोड पाठवलं आणि यानं तिखट. ही चारही नावं एकदा वाचा. खजूर, सातू, आलं, पिंपळी. यातलं काहीही दुसऱ्या दिवशी आंबत नाही. आणि त्यातली पिंपळी तर आपल्याच देशाची. हिब्रूतला ‘पिलपेल’ हा शब्द संस्कृत पिप्पलीवरूनच निघालेला आहे. मी गेली दोन वर्षं चार घरांना घरी केलेला पिंपळी-सुंठ घातलेला चहाचा मसाला देते. छोटी काचेची बाटली, वर कापडाचा तुकडा. एकही बाटली कचऱ्यात दिसलेली नाही, दोन मात्र भरून द्या म्हणून परत आल्या.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट आहे. अबाये बार अविन (हा दुसरा अबाये) आणि हनिना बार अविन हे दोघं आपापलं जेवणच एकमेकांशी बदलायचे. आमच्या जिन्यावर आम्ही तीन बायका आता तसंच करतो. एकीनं भात, एकीनं रस्सा, एकीनं गोड, आणि डबे एकमेकींकडे. टोपली नाही, रिबीन नाही, आणि उरत तर काहीच नाही.

वेष्टन आणि उरलेलं

ठाण्यात 1879 च्या शार हाशामाईम मशिदीतून मगिल्ला ऐकून आलो की आई ताटं भरायची. स्टीलचं ताट, वर विणलेला रुमाल. शेजारच्या हिंदू घरांतही ताट जायचं, आणि होळीचं त्यांच्याकडून यायचं. ताट रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. सेलोफेनची टोपली परत येत नाही. सरळ स्टीलचा डबा द्या आणि डबा परत पाठवा म्हणून सांगा. संकोच वाटत असेल तर तो पहिल्या वर्षीच वाटतो.

पुरणपोळ्या करत असाल तर डाळीचं पाणी ओतून देणाऱ्या मुलींनो, ते आमटीचं आहे. पुरण उरलं तर छोटे वाटे करून गोठवा, पण ते पेसाहच्या आधी संपवायचं हे डब्यावर लिहा, नाहीतर बर्फाच्या खणात ते वर्षभर पडून राहतं.

आणि आलेल्या टोपल्या तशाच कपाटावर चढवू नका. पुरीमच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी टेबलावर सगळं मोकळं करते. घरी केलेलं आधी, ते तीन दिवसांत खायचं. फळं टोपलीतून काढून फळांच्या भांड्यात. बंद पाकिटातलं गव्हाचं जे आम्ही खाणार नाही ते त्याच दिवशी पिशवीत, आणि पिशवी आमच्या मशिदीच्या दारातल्या पेटीत. पेसाहच्या आदल्या आठवड्यात ती पेटी ओसंडून वाहते, तेव्हा घेणाऱ्या घरांनाही हामेत्स नको असतं. पहिल्या आठवड्यात दिलेलं पाकीट मात्र कोणाच्या तरी मुलाच्या शाळेच्या डब्यात जातं.