चावता येईना, गोड चालेना: मऊ आणि तिखटमिठाचं ताट कसं लावायचं

सासूबाईंच्या खालच्या दोन दाढा एकाच दिवशी काढल्या. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "चार-पाच दिवस मऊच खायला द्या." साखरेच्या (मधुमेहाच्या) डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "भात, गूळ, साबुदाणा हात राखून." त्याच संध्याकाळी शेजारच्या कानडी अक्का गंजी (त्यांची पेजच) घेऊन आल्या आणि जाऊबाईंनी खानापूरहून तांदळाची पेज पाठवली. भाषा दोन, पातेलं एकच. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्यांनी कुंदा (खव्याची मिठाई) आणला, बेळगावातली रीतच ती. सासूबाई तिसऱ्याच जेवणाला म्हणाल्या, "काहीतरी तिखटमिठाचं दे की गं, तोंड नुसतं गुळमट झालंय."

आपल्या स्वयंपाकघरात मऊ म्हटलं की पेज, आंबील, गुरगुट्या भात, शिरा, साबुदाण्याची खीर. यातलं सगळं एकतर पिठूळ नाहीतर गोड. नाचणी साखरेला चालते असं समजून आंबिलीचे पेल्यावर पेले दिले जातात, पण १०० ग्रॅम नाचणीच्या पिठातही कर्बोदकं सुमारे ७० ग्रॅम असतात. साबुदाण्यात तर ८५ च्या वर. म्हणून मऊ ताट लावताना भातापासून सुरुवात न करता अंडं, दही, पनीर, अळणी (मटणाचं बिनतिखटाचं पाणी) आणि पाणीदार भाज्या यांच्यापासून करायची. बाकीचं सगळं त्यातूनच सुचत जातं.

आधी औषधं बघा

ताटातला भात एकदम काढायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील आणि खाणं निम्म्यावर आलं, तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, गोंधळल्यासारखं होणं, असं काही दिसलं तर तिथे पथ्य बाजूला ठेवून लगेच साखरपाणी द्यायचं. गोळीतल्या औषधाच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल तर विचारल्याशिवाय कर्बोदकं तोडूच नका; त्या गोळीबरोबर उपाशी राहिलं तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर अंडी-पनीर किती द्यायचं तेही विचारा.

पहिला दिवस: थंड, गुळगुळीत, चमच्याने

दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि तिच्याखाली जखम भरते. ती निघाली तर हाड उघडं पडतं आणि ठणका सुरू होतो. म्हणून पहिला दिवस गरम काही नाही, स्ट्रॉ नाही, जोरात थुंकणं नाही, चूळही नाही. आणि मिश्री नाही! आमच्याकडे निपाणी भागातल्या बायकांना हे दोनदा सांगावं लागतं, कारण दात दुखला की मिश्री लावायची हा जुना हिशेब. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, गुठळी सुटायची शक्यता वाढते.

या दिवशी घट्ट दही फेटून, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची वस्त्रगाळ पूड घालून द्या. १०० ग्रॅम साध्या दह्यात कर्बोदकं चार-पाच ग्रॅमच. सोबत ताजं पनीर: एक लिटर दूध फाडलं की दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर निघतं. ते दाबून वडी पाडायची नाही. ओलसर असतानाच हाताने मळून लोण्यासारखं करा आणि दह्यात कालवा. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर तोंडात हलकेच फिरवायचं आणि खळखळ न करता नुसतं ओघळू द्यायचं.

अळणी

कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात मटणाचा रस्सा करायच्या आधी जे बिनतिखटाचं पाणी निघतं, ती अळणी. लहान मुलांना आणि आजाऱ्यांना तीच देतात. पाव किलो मटण किंवा जवारी (गावरान) कोंबडी, एक कांदा, आलं-लसणाची गोळी, हळद, मीठ. पाणी चार पेले. कुकरला मटण असेल तर सहा-सात शिट्ट्या, जवारी कोंबडीलाही जवळपास तेवढ्याच. ती ब्रॉयलरसारखी दोन शिट्ट्यांत हार मानत नाही.

इथे बहुतेकजण एक चूक करतात: पाणी गाळून आजाऱ्याला देतात आणि मटण घरचे खातात. नुसत्या पाण्यात चव असते, मीठ असतं, पण प्रथिनं फारशी नसतात. हाडावरून सुटलेलं मऊ मांस काढा, थोड्या अळणीबरोबर मिक्सरला बारीक फिरवा, गाळणीतून चमच्याने घासून काढा आणि परत पातेल्यात मिसळा. वरून चमचाभर तूप. पिठुळ काही न घालताही दाटपणा येतो. पाकिटातलं सूप मात्र आणू नका, त्यात दाटपणासाठी मक्याचं पीठ असतं.

वाफवलेलं अंडं

आमच्या घरात सगळ्यात चाललं ते हे. दोन अंडी फेस न आणता फेटा. त्यात पाऊण वाटी कोमट अळणी किंवा नुसतं पाणी घाला. पाणी गरम असेल तर अंडं तिथेच शिजून गुठळ्या होतात. मीठ, चिमूटभर हिंग. हे मिश्रण गाळून वाटीत ओता, वर ताटली झाका आणि इडलीपात्रात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं वाफवा. वाटी हलवली की मधोमध हलकं थरथरलं पाहिजे. आच मोठी झाली तर जाळी पडते आणि ते रबरासारखं होतं. पहिल्यांदा माझंही झालं, ते मुलांनी चटणी लावून संपवलं. दोन अंड्यांत बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि कर्बोदकं जवळजवळ नाहीतच. ५० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ४० ते ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, तेव्हा दिवसातून दोन वेळा हे आणि मध्ये पनीर-दही झालं की बरीच मजल मारली.

अंडं न खाणाऱ्यांना पालक उकडून, वाटून, त्यात मळलेलं पनीर आणि साय घालून द्या.

भाज्या

दुधी, पडवळ, लाल माठ, चाकवत, वांगं. दुधी चिरल्यावर एक तुकडा जिभेला लावून बघाच. कडू लागला तर अख्खा टाकून द्यायचा. कडू दुधीने माणसं गंभीर आजारी पडली आहेत. चांगला असेल तर साल-बिया काढून कुकरला तीन शिट्ट्या, मग वाटून ताकात मिसळायचा. पातळ कढीसारखं लागतं. चमचाभर बेसन लावलंत तर फार बिघडत नाही, चार चमचे लावलेत तर त्याला पिठलं म्हणतात.

वांग्याचं भरीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मोठं, हलकं वांगं घ्या, जड वांग्यात बिया जास्त. भाजल्यावर जळक्या सालीचा कणही राहू देऊ नका. दही आणि तूप घालून कालवा. शेंगदाण्याचं कूट, कच्चा कांदा, हिरवी मिरची यांना आठवडाभर सुट्टी.

चव आणायची कशी

तिखट नाही तर चव कसली, हा आमच्याकडचा खरा प्रश्न. जखमेला मिरची झोंबते, चिंच-लिंबू-कोकम त्याहून. मग उरतं काय? पुष्कळ. तुपात हिंग-जिऱ्याची फोडणी. तुपात सावकाश लाल करून मग वाटलेला लसूण. अळणीत उकळलेली मिरी, दालचिनी, जी शेवटी काढून टाकायची. आल्याचा रस, तोही शिजवून. सैंधव मीठ, भाजलेलं जिरं.

फक्त एक लक्षात ठेवा: फोडणी गाळून घाला. मी पहिल्या रात्री दुधीवर हौसेने मोहरी-कढीपत्त्याची चुरचुरीत फोडणी घातली. दोन दाणे नेमके खड्ड्याशी जाऊन बसले आणि सासूबाई रात्रभर जीभ फिरवत बसल्या. तेव्हापासून फोडणी चहाच्या गाळणीतून. तीळ, खसखस, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी यांनाही हाच नियम. दाणा छोटा असला की तो नको तिथेच शिरतो. पांढऱ्या रश्श्यातली खसखस म्हणून वगळा, नुसतं नारळाचं दूध घाला.

पुढे काय

चौथ्या-पाचव्या दिवशी बारीक खिमा पाणी घालून मऊ शिजवून, काटा नीट काढलेली वाफवलेली सुरमई, तुपातली ओलसर भुर्जी. घास दुसऱ्या बाजूने चावायचा. जोंधळ्याची भाकरी मागतीलच. चतकोर द्या, अळणीत पार विरघळेपर्यंत बुडवून, आणि तेवढीच कर्बोदकं त्या जेवणात धरा.

तिसऱ्या दिवसानंतर ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढला, कानापर्यंत गेला, तोंडाला घाण वास आला, ताप किंवा गालाची सूज चढत गेली, तोंड उघडेनासं झालं, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी दातांचा दवाखाना गाठा. लवंगतेलाचा बोळाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खड्ड्यात कोंबू नका.