कॉन्फिग बदलली, पण ॲप जुनंच वागतंय? या चुका टाळा

कॉन्फिग फाइलमध्ये (ॲपच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) टाइमआउट ३० वरून ६० सेकंद केला, सर्व्हिस रिलोड केली, लॉगमध्ये एररही नाही. तरी तिसाव्या सेकंदाला रिक्वेस्ट तुटतेच. अशा वेळी बरेच जण सरळ नवं बिल्ड (कोडवरून तयार केलेली ॲपची प्रत) काढून डिप्लॉय करतात, आणि अनेकदा अडचण सुटतेही. पण ती सुटते डिप्लॉयच्या ओघात प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) नव्याने सुरू झाली म्हणून. बिल्डचा त्यात काही हात नसतो. आधी शोधायचं ते एवढंच: ही व्हॅल्यू नेमकी केव्हा वाचली जाते? बिल्ड होताना, कंटेनर (ॲप चालवायची बंदिस्त जागा) तयार होताना, प्रोसेस सुरू होताना, रिलोडचा सिग्नल आल्यावर, की दर रिक्वेस्टला?

बिल्डमध्येच चिकटलेली व्हॅल्यू

रिॲक्ट किंवा व्ह्यूचं ॲप व्हीट या बिल्ड टूलने बांधलं असेल, तर ‘व्हीट_’ने सुरू होणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या व्हॅल्यू) बिल्डच्या वेळीच जावास्क्रिप्टमध्ये थेट मजकूर म्हणून उतरतात. नंतर सर्व्हरवर ते कितीही बदला, ब्राउझरला पत्ताही लागत नाही. खात्री करायची तर बिल्डमधून निघालेल्या ‘डिस्ट’ फोल्डरमध्ये जुना एपीआय पत्ता ग्रेप करून (शोधून) पाहा. सापडला, तर या खेपेला बिल्ड करावंच लागेल. पुढच्या वेळी ते टाळायचं असेल, तर बदलणाऱ्या व्हॅल्यू एका छोट्या जेसन फाइलमध्ये ठेवा, ॲप सुरू होण्याआधी ती लोड करा आणि तिला ‘नो-कॅश’ हेडर द्या. हेडर विसरलात तर ब्राउझर जुनी प्रत वापरत राहू शकतो. ही फाइल प्रत्येक वापरकर्त्याच्या हातात जाते, म्हणून तिच्यात पासवर्ड नकोत.

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कची अडचण वेगळी. जारच्या (ॲपच्या एकत्र बांधलेल्या फाइलच्या) आत कॉन्फिग असली तरी त्याच नावाची फाइल बाहेर ठेवून ती झाकता येते, हे बहुतेकांना माहीत असतं. मात्र स्प्रिंग ती फाइल जारच्या शेजारी शोधत नाही. ती चालू डिरेक्टरीत आणि तिच्यातल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये शोधते. लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीने सुरू केलेल्या सर्व्हिसची चालू डिरेक्टरी, वेगळं काही लिहिलं नसेल तर, रूट असते. म्हणून जारशेजारची फाइल वाचलीच जात नाही. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये ‘वर्किंगडिरेक्टरी’ लिहा, नाहीतर ‘स्प्रिंग.कॉन्फिग.ॲडिशनल-लोकेशन’ द्या. त्याऐवजी नुसतं ‘स्प्रिंग.कॉन्फिग.लोकेशन’ दिलंत, तर नेहमीच्या जागा यादीतून निघून जातात आणि जारमधली बाकीची सेटिंग गायब होतात.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल रिलोड होत नाहीत

प्रोसेसला तिचं एन्व्हायर्नमेंट सुरू होताना एकदाच मिळतं. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरमध्ये फाइल बदलून ‘डॉकर कंपोझ रीस्टार्ट’ दिलं, तर तोच कंटेनर जुन्याच व्हेरिएबलसह पुन्हा उठतो. ‘डॉकर कंपोझ अप -डी’ दिल्यावर नवा कंटेनर तयार होतो आणि तेव्हा बदल दिसतो. ‘सिस्टमसीटीएल डेमन-रिलोड’ही फक्त युनिट फाइल पुन्हा वाचतं, चालू सर्व्हिसला हातही लावत नाही.

यातलंच एक छुपं कारण म्हणजे अग्रक्रम. स्प्रिंग बूट आणि मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट या दोन्हींत, मूळ व्यवस्थेप्रमाणे, फाइलपेक्षा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वरचढ असतो. फाइल नीट रिलोड होते, पण कुणीतरी कधीकाळी लावलेला व्हेरिएबल तिला दाबून टाकतो. फाइलवर तासभर घालवण्याआधी लिनक्सवर ‘/प्रॉक’खाली त्या प्रोसेसच्या ‘एन्व्हायरन’ फाइलमध्ये डोकावून या.

फाइल बदलली, पण कंटेनरला जुनीच दिसते

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक हीच. ‘सेड -आय’ (फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड) आणि बरेचसे एडिटर जुन्या फाइलवर लिहीत नाहीत. नवी फाइल तयार करून तिला जुनं नाव देतात. नाव तेच, आयनोड (डिस्कवरच्या फाइलची खरी ओळख) मात्र नवा. डॉकरमध्ये एकच फाइल बाइंड माउंट केली (होस्टवरून थेट कंटेनरमध्ये जोडली) असेल, तर कंटेनर जुन्या आयनोडलाच धरून बसतो. होस्टवर आणि कंटेनरच्या आत ‘कॅट’ करून पाहा. मजकूर वेगळा दिसला की निदान झालं. यावर फाइलऐवजी तिची डिरेक्टरी माउंट करा.

अनेक मशीनवर कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसमध्ये हेच ‘सबपाथ’च्या (व्हॉल्यूममधली एकच फाइल जोडण्याच्या) रूपात भेटतं. सबपाथने लावलेली कॉन्फिगमॅपची (कुबरनेटिसमध्ये साठवलेल्या सेटिंगची) फाइल चालू पॉडमध्ये (कंटेनरच्या गटात) कधीच ताजी होत नाही. एन्व्हायर्नमेंटमधून दिलेली व्हॅल्यूही नाही. तिथे ‘रोलआउट रीस्टार्ट’ हाच मार्ग. अख्खा व्हॉल्यूम लावला असेल तर फाइल बदलते, पण लगेच नाही. प्रत्येक मशीनवर पॉड सांभाळणारा क्युबलेट साधारण मिनिटाच्या अंतराने ताळमेळ घेतो आणि त्यावर कॅशचा उशीर. दहा सेकंदांत ‘चालत नाही’ असा निकाल देऊ नका.

आणखी एक खाच आहे. व्हॉल्यूममधली फाइल प्रत्यक्षात सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) असते आणि अपडेट होताना ‘..डेटा’ नावाची लिंक एका झटक्यात नव्या डिरेक्टरीकडे वळते. नुसत्या त्या फाइलवर नजर ठेवणाऱ्या कोडकडून हा बदल सहज निसटतो. पहारा डिरेक्टरीवर ठेवा. एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) तर दुसऱ्या मशीनने केलेला बदल फाइलवर नजर ठेवणाऱ्या लिनक्सच्या आयनोटिफायला कळतच नाही. तिथे ठरावीक वेळाने फाइल तपासण्याला पर्याय नाही; डॉट नेटमध्ये त्यासाठी ‘डॉटनेट_यूज_पोलिंग_फाइल_वॉचर’ची व्हॅल्यू १ करा.

कोडनेच व्हॅल्यू धरून ठेवली

डॉट नेटमध्ये ‘आयऑप्शन्स’ एकदाच वाचतं, ‘आयऑप्शन्सस्नॅपशॉट’ दर रिक्वेस्टला नव्याने, आणि ‘आयऑप्शन्समॉनिटर’ बदल होताच ताजी व्हॅल्यू देतं. मॉनिटर घेऊनही कन्स्ट्रक्टरमध्ये ‘करंटव्हॅल्यू’ एका फील्डमध्ये साठवली, तर सिंगलटन क्लासमध्ये (ज्याचा ॲपभर एकच ऑब्जेक्ट असतो) आपण पुन्हा पहिल्याच प्रकारावर येतो. कोड रिव्ह्यूत ही ओळ फार सहज सुटते. मॉनिटरच हातात ठेवा, आणि एका रिक्वेस्टमध्ये व्हॅल्यू एकदाच काढून शेवटपर्यंत तीच वापरा; नाहीतर अर्धं काम जुन्या सेटिंगवर आणि अर्धं नव्यावर होईल.

व्हॅल्यू ताजी असली तरी तिच्यावर बांधलेली वस्तू जुनी असू शकते. डेटाबेसचा कनेक्शन पूल (उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) आपोआप नव्या आकाराचा होत नाही. डॉट नेटच्या ‘एचटीटीपीक्लायंट’वर पहिली रिक्वेस्ट गेल्यावर टाइमआउट बदलू पाहिलात तर एक्सेप्शन येतं, नवा क्लायंटच करावा लागतो.

एकदा सेव्ह केलं तरी बदलाची सूचना दोनदा येऊ शकते, कधी फाइल अर्धवट लिहिलेली असतानाच. म्हणून लिहिताना त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल करून ‘एमव्ही’ने जागेवर आणा. यात आयनोड बदलतो, म्हणजे डिरेक्टरी माउंट करायला हे दुसरं कारण. वाचताना अर्धा सेकंद थांबा, नवी कॉन्फिग वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये उतरवून तपासा, आणि पास झाली तरच रेफरन्स बदला. नापास झाली तर जुनी चालू ठेवा आणि लॉगमध्ये स्पष्ट लिहा.

सिग्नल पोचला, याचा अर्थ सेटिंग लागलं असा नाही

सिगहप (प्रोसेसला पाठवायचा एक सिग्नल) म्हणजे रिलोड, हा केवळ प्रघात आहे. ज्या प्रोग्रामने तो हाताळलेला नाही तो या सिग्नलने सरळ बंद पडतो. प्रॉडक्शनवर पाठवण्याआधी दस्तऐवज बघा.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘पीजी_रिलोड_कॉन्फ’ने ‘ट्रू’ दिलं म्हणजे सिग्नल गेला, इतकंच. ‘शेअर्ड_बफर्स’ आणि ‘मॅक्स_कनेक्शन्स’ रीस्टार्टशिवाय बदलत नाहीत. कोणती सेटिंग अडकून पडली आहेत ते ‘पीजी_सेटिंग्स’मधला ‘पेंडिंग_रीस्टार्ट’ रकाना सांगतो, आणि फाइलमधल्या चुका ‘पीजी_फाइल_सेटिंग्स’मध्ये दिसतात. कुणी ‘ऑल्टर सिस्टम’ वापरलं असेल तर ती व्हॅल्यू ‘पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ’मध्ये असते आणि मुख्य फाइलवर मात करते.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरला रिलोड देण्याआधी ‘एनजिनएक्स -टी’ चालवा. कॉन्फिग चुकीची असेल तर तो जुन्याच कॉन्फिगवर शांतपणे चालत राहतो. बरोबर असेल तर नवे वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) उठतात आणि जुने हातातलं काम संपवून जातात. वेबसॉकेटसारखी लांबलचक कनेक्शन असतील तर हे जुने वर्कर तासन्‌तास जिवंत राहू शकतात. ‘पीएस’च्या यादीत ते ‘शटिंग डाउन’ अशा खुणेसह दिसतात. ‘वर्कर_शटडाउन_टाइमआउट’ दिलात तर मुदत संपताच ती कनेक्शन तोडली जातात. म्हणून ही मुदत ठरवण्याआधी क्लायंट आपणहून पुन्हा जोडला जातो का ते तपासून घ्या.