लेकराच्या नाकाकानात घरीच कोरत बसता? या चुका टाळा

१२ वर्षं झाली परभणीत कान-नाक-घशाच्या ओपीडीत सिस्टर म्हणून उभी आहे. हुरडा सुरू झाला की नाकात ज्वारीचा दाणा, नाहीतर हरभरा घालून लेकरं येणार हे ठरलेलं. लेकरूच ते, घालणारच. राग येतो तो आधी घरी झालेल्या पराक्रमाचा. हेअरपिन, काडी, चिमटा, मोबाईलचा टॉर्च आणि हातपाय धरायला दोन मामा. नाकाच्या तोंडाशी असलेला दाणा आत ढकलून, रक्त काढून मग आणतात, आणि एकदा का लेकरू घाबरलं की ते डॉक्टरला जवळ येऊ देत नाही, मग दोन मिनिटाच्या कामाला भूल द्यावी लागते.

एका आजीनं तीन वर्षाचा नातू आणला. "सर्दीच हाय सिस्टर, जत्रंपासून जाईना." बघितलं तर सर्दी एकाच नाकपुडीतून, काळपट पाणी, आणि वास असा की मी मास्क वर ओढला. तोवर एकानं अ‍ॅन्टिबायोटिक दिलेलं, दुसऱ्यानं नाकात थेंब. एक्स-रेत गोल चकती दिसली, कडेला दुहेरी रेघ. लाइटच्या खेळण्यातला बटन सेल! लोकांना वाटतं सेल फुटल्याशिवाय काही होत नाही. तसं नाही, ओल्या जागी त्यातून करंट वाहतो, तिथं कॉस्टिक सोड्यासारखा क्षार तयार होतो आणि काही तासांतच आतलं जळायला लागतं, थेंब टाकले की अजून ओल. सेल निघाला, पण नाकाच्या मधल्या पडद्याला भोक राहिलं ते राहिलंच. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड म्हणजे आत काहीतरी अडकलंय असंच मी धरते, सर्दी नंतर.

दुसरं, कान दुखला की कानात लसणाचं गरम तेल. लहान लेकराची नाकातून कानाला जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दी कानात लवकर उतरते. दुखणं कानाच्या पडद्याच्या आत, तेल पडद्याच्या बाहेर, पोचणार कसं? आणि पडदा आधीच फुटलेला असला तर तेल सरळ आत जातं. माझ्या पोराला मी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यायची, रात्रभर मांडीवर उभं धरून बसायची आणि सकाळी कान दाखवायची. तेलाला झटपट उपाय म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

घोळणा फुटला तर मान मागं टाकू नका, कांदा हुंगवू नका. पुढं वाकवून नाकाचा मऊ भाग १० मिनिटं दाबा, घड्याळ लावून, मधेच सोडून बघायचं नाही.

चार वर्षाच्या आतल्याला अख्खा शेंगदाणा नको, श्वासनळीत अडकतो, कूट करून द्या.

टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर घशात पांढरा थर दिसतो, तो पू नाही, बोटानं पुसायला जाऊ नका. पाचव्या ते दहाव्या दिवसात ती खपली सुटते आणि नेमकं तेव्हाच रक्त येऊ शकतं, आणि नेमकं तेव्हाच आमची मंडळी लेकराला घेऊन गावाकडं लग्नाला गेलेली असतात. ताजं लाल रक्त दिसलं की रात्रीच निघा, सकाळच्या एसटीची वाट बघत बसू नका.