ब्रँडेड पीसीचं सामान नव्या कॅबिनेटमध्ये हलवायचंय? कॅबिनेट सगळ्यात शेवटी घ्या

पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या कंपन्या दर काही वर्षांनी ऑफिसातले डेस्कटॉप बदलतात आणि ते रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून दुरुस्त केलेले, म्हणून बाजारात येतात. डेल, एचपी, लेनोव्हो, बाजूला कंपनीच्या मालमत्तेचा नंबर असलेला ॲसेट टॅग अजून चिकटलेलाच. मशीन दणकट असतं, पण ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरलं की गाडी अडते. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या मिनी टॉवरमध्ये एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, २९० वॉटचा असतो, कार्डाला लागणारी ६ पिनांची वायर त्यातून सहसा निघत नाही, आणि लांब कार्ड हार्ड डिस्कच्या खणाला टेकतं. मग सगळा माल चांगल्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे पीसीच्या रिकाम्या डब्यात, हलवायचा विचार येतो.

हलवता येतो, पण डेल-एचपीसारख्या कंपन्या मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो बोर्ड) आपल्या डब्यासाठीच बनवतात. त्यामुळे नवं कॅबिनेट आवडलं म्हणून आधी उचलून आणलं, की नंतर बोर्ड त्यात बसेना अशी वेळ येते. आधी जुनं झाकण उघडा, बोर्ड नीट बघा आणि मगच बाजारात जा. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही. अशा मशीनवर किती पैसे घालायचे तेही आत्ताच ठरवा.

बोर्ड ओळखा

पहिलं बघायचं ते वीज कुठल्या कनेक्टरने येते. २०१२ च्या ऑप्टिप्लेक्स ७०१० टॉवरला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर आहे, म्हणजे बाजारातला कुठलाही बरा एसएमपीएस चालेल. त्याच्यानंतर आलेल्या ३०२०, ७०२०, ९०२० ला मात्र ८ पिनांचा. एचपीच्या एलीटडेस्क ८०० जी१ ला ६ पिनांचा, आणि लेनोव्होच्या बऱ्याच थिंकसेंटर बोर्डांना १४ किंवा १० पिनांचा. यांना २४ पिनांवरून जोडणारा ॲडॉप्टर मिळतो. तो फक्त 'डेलचा' किंवा 'लेनोव्होचा' म्हणून मागू नका, मॉडेल नंबर सांगून घ्या. साध्या एसएमपीएसमध्ये स्टँडबायची, म्हणजे मशीन बंद असतानाही बोर्डाला मिळणारी, वीज ५ व्होल्टची असते. काही ब्रँडेड बोर्डांना ती जास्त व्होल्टची लागते आणि ते वाढवणारं छोटं सर्किट ॲडॉप्टरमध्येच असतं. दिसायला सारखी वाटणारी चुकीची वायर लावली तर बोर्ड जाऊ शकतो.

दुसरं, बोर्डाची भोकं. मायक्रो-एटीएक्स या ठरलेल्या मापाचा बोर्ड जास्तीत जास्त २४.४ × २४.४ सेंटीमीटर असतो आणि त्याच्या भोकांच्या जागा ठरलेल्या असतात. बोर्ड काढल्यावर बटर पेपरवर ठेवा, कडा आणि भोकं पेन्सिलने आखा. हा कागद खिशात घालून दुकानात गेलात तर अर्धा वाद तिथेच मिटतो. टॉवरमधले बोर्ड बहुतेक जमतात. स्लिम डब्यातल्या बोर्डांची भोकं मात्र बरेचदा जुळत नाहीत, आणि तिथे या उद्योगाच्या वाटेला न गेलेलं बरं.

तिसरं, हीटसिंक, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा. याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. काही मॉडेलांत हीटसिंकचे चार स्क्रू बोर्डातून आरपार जाऊन थेट जुन्या डब्याच्या पत्र्यात बसतात. बोर्ड उचलला की हीटसिंकला पकडच उरत नाही. तसं असेल तर मागे स्वतःची प्लेट असलेला कूलर घ्यावा लागेल. एलजीए ११५५, ११५० आणि ११५१ या इंटेल प्रोसेसरच्या तिन्ही सॉकेटांच्या (प्रोसेसर बसतो त्या जागांच्या) भोकांतलं अंतर सारखंच, ७५ मिलिमीटर आहे, त्यामुळे निवड भरपूर आहे. फॅनची पिनही मोजा. डेलच्या काही बोर्डांवर ती ५ पिनांची असते. तिथे ४ पिनांचा फॅन फिरतो, पण सुरू करताना तक्रारीचा मेसेज येऊ शकतो.

पुढचं बटण

खरी डोकेदुखी इथे आहे. नव्या कॅबिनेटच्या पॉवर बटणाच्या दोन पिना कुठे लावायच्या हे साध्या बोर्डावर छापलेलं असतं. ब्रँडेड बोर्डावर बटण, दिवा, कधी पुढचे यूएसबीसुद्धा कंपनीच्या खास कनेक्टरवर एकत्र आलेले असतात आणि छपाई काहीच नसते.

जुनं बटण त्याच्या वायरीला अजून जोडलेलं असतानाच या पिना शोधा. मशीनची वायर भिंतीतून काढा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे 'बीप' वर ठेवा. बटणाच्या वायरचा कनेक्टर बोर्डावरून काढून त्याच्या दोन-दोन टोकांना प्रोब लावत जा. ज्या जोडीवर बटण दाबल्यावर बीप होतो आणि सोडल्यावर थांबतो, ती बटणाची. बटण दाबलेलं नसतानाही वाजणारी जोडी असेल तर ती कंपनीने 'पॅनेल जोडलेलं आहे' हे ओळखायला ठेवलेली असण्याची शक्यता असते. कागदावर चित्र काढून खाच कुठल्या बाजूला आहे तेही लिहा, नाहीतर उलट धरून सगळं आरशातल्यासारखं होतं. दिव्याच्या पिना अंदाजाने जोडू नका.

माझ्या मते याहून सोपा आणि चांगला उपाय म्हणजे जुनं फ्रंट पॅनेल फेकायचंच नाही. त्याची छोटी पट्टी दोन स्क्रू काढले की बाहेर येते. ती नव्या कॅबिनेटच्या आत डबल टेपने लावा आणि नव्या बटणाच्या दोन वायरी जुन्या बटणाच्या वायरींना समांतर जोडा. दोन फायदे होतात. पॅनेल सापडत नाही म्हणून दर वेळी पडद्यावर येणारी तक्रार बंद होते, आणि जुना दिवा शाबूत राहतो. ब्रँडेड मशीन बिघडलं की कुठला भाग बिघडला ते या दिव्याच्या रंगाने आणि उघडझापीने सांगतं. नुसता निळा एलईडी लावला की ही सोय गेली.

खरेदी

आता तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. मेट्रोने मंडईला उतरलात तर बुधवार पेठेत चालत जाता येतं आणि पार्किंगची भानगड राहत नाही. कॅबिनेटचं खोकं दुचाकीच्या पायाशी कोंबून लक्ष्मी रोडवरून येणं हा वेगळाच व्यायाम आहे. मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट, ॲडॉप्टर, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधे लावायची), पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर उचलून धरणारे छोटे खांब), जंपर वायर (पिना जोडायच्या छोट्या वायरी) आणि केबल टाय एकाच फेरीत घ्या. एसएमपीएसवर कंजुषी नको. कॅबिनेटबरोबर 'फ्री' मिळणारा तर लावूच नका.

पंखेही मोजून घ्या. पुढे तीन रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट छान दिसतं, पण ब्रँडेड बोर्डावर पंख्याच्या जागा एक-दोनच असतात. उरलेले एसएमपीएसवरून चालवायचे तर सतत पूर्ण वेगाने घरघरतात. दोन शांत पंखे पुरतात.

काम

विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा आणि असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा. बॅकअप घ्या. प्रत्येक वायरचा फोटो काढा. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा इतकी कोरडी होते की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. तीच स्थिर वीज रॅमला मारक. सुती कपडे घाला आणि बोर्डाला हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावत जा.

बोर्ड काढल्यावर थेट नव्या कॅबिनेटमध्ये घालू नका. आधी पुठ्ठ्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, एक रॅम, बटण आणि नवा एसएमपीएस एवढंच जोडून चालू करा. डिस्प्ले आला म्हणजे वीज आणि बटणाचा हिशेब बरोबर आहे. बोर्ड ज्यात मिळतो त्या अँटी-स्टॅटिक पिशवीवर ठेवून चालू करू नका, तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो.

मग कॅबिनेटमधले सगळे स्टँडऑफ तपासा. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच स्टँडऑफ हवा; एखादा जास्तीचा खालून टेकला की शॉर्ट. एखाद्या भोकाखाली स्टँडऑफ येतच नसेल तर तिथे प्लास्टिकचा टेकू द्या, म्हणजे रॅम दाबताना बोर्ड वाकणार नाही. स्क्रू आधी सगळे सैल लावा, शेवटी आवळा.

मागची आय-ओ पट्टी (यूएसबी, डिस्प्ले वगैरेंच्या जागा कापलेला पत्रा) ब्रँडेड डब्यात मूळ पत्र्यातच ठोकलेली असते, त्यामुळे नव्यात १५.९ × ४.४ सेंटीमीटरचं उघडं भोक राहतं. जुन्या डब्याचा तेवढा तुकडा पत्र्याच्या कात्रीने कापा, कडा कानशीने घासा आणि बसवा. ते जमत नसेल तर पातळ ॲक्रिलिक. भोक उघडं सोडलंत तर धुळीआधी पाल आत येते.

पहिल्यांदा चालू करताना

'फ्रंट आय-ओ केबल' किंवा झाकण उघडल्याचा मेसेज आला तर घाबरायचं कारण नाही. एफ-१ दाबून पुढे जाता येतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, चेसिस इंट्रूजन (झाकण उघडल्याची सूचना) बंद करा. विंडोजचं ॲक्टिव्हेशन मदरबोर्डशी बांधलेलं असतं, कॅबिनेटशी नाही, त्यामुळे ते तसंच राहतं. अर्धा तास जड काम देऊन प्रोसेसरचं तापमान बघा. ते झरझर ९० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं तर कूलर नीट बसलेला नाही. ग्राफिक्स कार्ड यानंतरच टाका, म्हणजे काही अडलं तर दोष कशाचा ते कळेल.

जुना रिकामा डबा भंगारात द्यायला हरकत नाही. मूळ एसएमपीएस मात्र ठेवा. उद्या मशीन चालू झालं नाही तर बोर्ड गेला की ॲडॉप्टर, हे तोच लावून पाच मिनिटांत कळतं.