बॉडी कॉम्पोझिशनवर डिझर्टेशन करणार असाल तर माझा अनुभव वाचा

मास्टर्सला माझा विषय होता १८ ते २५ वयाच्या मुलामुलींमध्ये कॅलिपर (कातडीची घडी मोजायचा चिमटा), बीआयए (शरीरातून करंट सोडून मोजणारं मशीन) आणि डेक्सा (एक्स-रे स्कॅन) या तीन पद्धतींनी फॅट टक्केवारी किती जुळते ते बघायचं. या वर्षी कोणी असलाच विषय घेत असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय.

कॅलिपरमध्ये माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. बघताना वाटतं चिमटीत धरायचं, आकडा वाचायचा, झालं. पण ट्रायसेप्सचं माप घ्यायला खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोब्बर मध्यावर पेनने खूण करावी लागते, चिमटीत कातडी आणि तिच्याखालची चरबीच यायला हवी, स्नायू नाही, आणि कॅलिपर लावल्यावर साधारण दोन सेकंदांत वाचायचं, जास्त थांबलं की चरबी दबत जाते आणि आकडा उतरतो. माझी पहिल्या पंधरा जणांची मापं दुसऱ्या दिवशी मीच परत घेतली तर जुळेनात! सगळी टाकून दिली, फार वाईट वाटलं. म्हणून आधी भरपूर हात बसवा, एकाच माणसाची दोनदा मापं घेऊन स्वतःची चूक किती येते ते काढा, मगच डेटा सुरू करा.

बीआयए मशीन खरं तर चरबी मोजतच नाही. ते बारीकसा करंट सोडतं, रेझिस्टन्सवरून शरीरातलं पाणी काढतं, फॅट-फ्री मासमध्ये (चरबी सोडून शरीराचं बाकीचं वजन) साधारण ७३ टक्के पाणी असतं असं धरून तो काढतं आणि वजनातून उरलेली ती चरबी. त्यामुळे कोणी घाम गाळून पाणी न पिता आलं तर फॅट जास्त दाखवणार. सगळ्यांना सकाळी उपाशीपोटी आणि आदल्या दिवशी व्यायाम न करता बोलवा, हे मी अर्ध्या डेटानंतर शिकले.

डेक्सामध्ये दोन एनर्जींचे एक्स-रे असतात, हाड, चरबी आणि बाकीचं वेगवेगळं कळतं. रेडिएशन खूप कमी, तरी मुलींना प्रेग्नन्सीबद्दल विचारावंच लागतं आणि ते नीट, एकांतात विचारा. सगळ्यांचं स्कॅनिंग एकाच मशीनवर करा कारण कंपनी बदलली की आकडे बदलतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अ‍ॅनालिसिस. माझं कोरिलेशन (दोन पद्धतींचे आकडे किती सोबत वर-खाली होतात ते, जास्तीत जास्त १) मस्त आलं होतं आणि मी खूश होते, तर गाइडनी विचारलं की एक मशीन प्रत्येकाला बरोबर ५ टक्के जास्त दाखवत असेल तर कोरिलेशन किती येईल? पूर्ण १! म्हणजे दोन पद्धती एका सुरात चढउतार करतात एवढंच ते सांगतं, आकडे जुळतात असं नाही. त्यासाठी ब्लँड आणि ऑल्टमन यांची १९८६ ची पद्धत वापरा, प्रत्येकाच्या दोन मापांची सरासरी आडव्या अक्षावर, फरक उभ्यावर. माझ्या ग्राफमध्ये सरासरी फरक छोटा होता पण एकेका व्यक्तीचे ठिपके भलतेच पसरलेले, म्हणून ज्यांनी स्वतःचा रिपोर्ट मागितला त्यांना मी तिन्ही आकडे दिले आणि प्रत्येकाशी बसून ते का वेगळे आलेत ते समजावलं.