रोजच्या फोटोंसाठी कॉम्पॅक्ट कॅमेरा कसा निवडावा: सुरुवात फसलेल्या फोटोंपासून

कॉम्पॅक्ट, म्हणजे लेन्स न निघणारा छोटा कॅमेरा घ्यायचं ठरलं की बहुतेक जण तुलनेचे तक्ते उघडून बसतात. दोन दिवसांत डोकं भणभणायला लागतं आणि शेवटी ज्यावर मेगापिक्सेलचा आकडा मोठा, तो कॅमेरा घरी येतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तक्ते राहू द्या बाजूला. आधी आपल्या फोनमधले गेल्या वर्षभरातले फोटो उघडा आणि त्यातले फसलेले वेगळे काढा. आपल्याला कोणता कॅमेरा हवा, हे त्या फोटोंइतकं स्पष्ट दुसरं कुणीच सांगणार नाही.

१. फोटो का फसला ते ओळखा

ही पायरी घाईत उरकू नका, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. प्रत्येक फोटो मोठा करून पाहा.

संध्याकाळी घरात काढलेला फोटो घ्या. मूल हललेलं दिसतंय, पण मागची भिंत, खुर्ची, पडदा सगळं स्पष्ट आहे? मग हात हलला नव्हता, मूल हललं होतं. इथे स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नाही, कारण ते फक्त आपल्या हाताची थरथर सावरतं. मूल स्थिर दिसायला शटर वेगाने, निदान १/२५० सेकंदाच्या आसपास, उघडून मिटायला हवं आणि तेवढ्या वेळात पुरेसा प्रकाश आत यायला हवा. म्हणजे गरज आहे मोठ्या सेन्सरची (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) आणि मोठ्या अॅपर्चरची (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र). याउलट भिंतीसकट सगळंच पुसट झालं असेल, तर दोष हाताचा. तिथे स्टॅबिलायझेशन कामाला येतं.

चेहरा हललेला नाही, पण त्वचेचा आणि केसांचा बारीक तपशील पुसून गेलाय? प्रकाश कमी पडला की फोन फोटोतले दाणे घासून काढतो आणि त्यांच्याबरोबर तपशीलही जातो. औषध तेच, मोठा सेन्सर.

रंगमंचावरचं आपलं मूल किंवा झाडावरचा पक्षी दूर आणि चिमुकला दिसत असेल, तर ऑप्टिकल झूम, म्हणजे लेन्सने होणारा झूम हवा. क्षण निसटून गेला असेल, तर झटपट सुरू होणारा आणि झटपट फोकस घेणारा कॅमेरा हवा. भर उन्हात स्क्रीन दिसलीच नाही म्हणून फोटो अंदाजाने काढला असेल, तर व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी हवी.

आता कोणत्या कारणाचे फोटो जास्त आहेत ते पाहा. पहिली दोन कारणं धरा, बाकीची सोडून द्या. सगळ्या तक्रारी मिटवणारा आणि तरी खिशात मावणारा कॅमेरा अजून कुणी बनवलेला नाही. आणि फसलेले फोटो फारसे सापडलेच नाहीत, तर नवा कॅमेरा घेऊ नका. तुमचं काम फोनवर छान चाललंय.

२. सेन्सर किती मोठा, ते पाहा

लहान कॉम्पॅक्टमध्ये ‘१/२.३ इंची’ सेन्सर असतो, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. ‘एक इंची’ म्हणवला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. नाव काहीही असो, लांबी-रुंदी हीच खरी. क्षेत्रफळात तो पहिल्याच्या चौपट भरतो. त्याच्याही तिप्पट असतो एपीएस-सी, २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा.

आजच्या चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर १/२.३ इंचीपेक्षा मोठा असतो आणि एका क्लिकमध्ये फोन अनेक फ्रेम टिपून एकत्र जोडतो. त्यामुळे १/२.३ इंची सेन्सरचा कॅमेरा घरातल्या फोटोंसाठी घेतला तर निराशा ठरलेली. तो घ्यावा लांबच्या झूमसाठी किंवा पाण्यात नेण्यासाठी. एरवी एक इंचीपासून पुढेच बघा.

मेगापिक्सेलची चिंता नको. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. फोर-के टीव्हीला त्यातले ८३ लाख पुरतात आणि ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापला तर साधारण १३ बाय १० इंचांचा सुरेख प्रिंट निघतो.

३. लेन्सवरचे दोन्ही आकडे वाचा

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. लेन्सवर ‘१.८-४.९’ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा झूम न करता मिळणारं अॅपर्चर, दुसरा पूर्ण झूमवर मिळणारं. आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. जाहिरातीत नेहमी पहिलाच मिरवला जातो, पण माणसांचे जवळून फोटो काढताना आपण थोडा तरी झूम करतोच आणि तेव्हा अॅपर्चर दुसऱ्या आकड्याकडे सरकतं.

सोनीचा पहिला आरएक्स१०० (२०१२) घ्या. त्याची लेन्स २८-१०० मिलिमीटर (हा आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं), अॅपर्चर एफ/१.८ ते ४.९. कॅननच्या जी७ एक्स मार्क ३ (२०१९) ची लेन्स २४-१०० मिलिमीटर, एफ/१.८ ते २.८. सेन्सर दोघांचाही एक इंची, सुरुवातीचा आकडा सारखाच. पण १०० मिलिमीटरवर कॅननमध्ये सुमारे तिप्पट प्रकाश येतो. एका कॅमेऱ्याला जिथे १/२० सेकंद लागेल, तिथे दुसऱ्याला १/६० पुरेल. किंवा एकाला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; वाढवली की दाणे वाढतात) ३२०० लागेल, तर दुसऱ्याचं १००० च्या आसपास भागेल. दिव्याच्या उजेडात हसणाऱ्या आजीचा फोटो ठेवण्यासारखा येतो की पुसून टाकावा लागतो, ते या फरकावर ठरतं.

४. झूम किती, हे आता ठरवा

झूम वाढला की लेन्स अंधारते किंवा फुगते, तिसरा मार्ग नाही. सोनी आरएक्स१०० मार्क ७ (२०१९) मध्ये २०० मिलिमीटरपर्यंत झूम मिळतो, पण अॅपर्चर एफ/२.८ पासूनच सुरू होतं. भटकंतीसाठी तो उत्तम, पण रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर तो कॅननच्या जी७ एक्स मार्क ३ समोर मागे पडतो. पॅनासॉनिकच्या टीझेड मालिकेतल्या ३० पट झूमच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर १/२.३ इंची असतो. भरदुपारी पक्षी टिपायला ठीक, दिवे लागल्यावर त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

दुसऱ्या टोकाला मुळीच झूम नसलेले कॅमेरे आहेत. रिको जीआर ३ मध्ये एपीएस-सी सेन्सर आहे आणि २८ मिलिमीटरच्या तोडीची एकच लेन्स. फुजीफिल्म एक्स१००-सिक्स (२०२४) मध्ये ३५ मिलिमीटरच्या तोडीची. माझं मन अशा कॅमेऱ्यांकडे ओढतं, कारण महिनाभरात चौकट डोळ्यांत बसते आणि कॅमेरा उचलण्याआधीच फोटो दिसायला लागतो. पण झूमची सवय असलेल्याने आधी परीक्षा घ्यावी. आठवडाभर फोनवर झूम अजिबात न करता फोटो काढा. चिडचिड झाली तर हे कॅमेरे तुमच्यासाठी नाहीत.

‘डिजिटल झूम’ हिशेबात धरूच नका. तो फक्त फोटोचा मधला भाग कापून मोठा करतो.

५. रोज बरोबर राहील का?

जीआर ३ बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम, आरएक्स१०० मार्क ७ ३०२ ग्रॅम, एक्स१००-सिक्स ५२१ ग्रॅम. पहिले दोन खिशात जातात, तिसऱ्याला बॅग किंवा गळ्यातला पट्टा लागतो. बॅटरीचंही पाहा. ठरावीक चाचणीनुसार जीआर ३ एका चार्जवर सुमारे २०० फोटो देतो, मार्क ७ सुमारे २६०. जादा बॅटरीचा खर्च आधीच धरून चला.

लहान मुलांचे फोटो काढणार असाल तर कॅमेऱ्यातच फ्लॅश आहे ना, हे विचारा. कॅमेऱ्यातल्या झेनॉन फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी टिकतो, त्यामुळे उडी मारणारं मूलसुद्धा जागच्या जागी थिजतं. फोनच्या एलईडीला हे जमत नाही. जीआर ३ मध्ये फ्लॅश नाही, सोनीच्या झेडव्ही-१ मध्येही नाही.

६. आपलं मेमरी कार्ड घेऊन दुकानात जा

मांडून ठेवलेल्या कॅमेऱ्यात आपलं कार्ड घालायला परवानगी मागा. बटण दाबल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो पाहा. बरोबरच्या माणसाला आपल्याकडे चालत यायला सांगा आणि चार-पाच फोटो काढा, फोकस डोळ्यांवर राहतो का तपासा. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्याचा पूर्ण झूमवर एक फोटो घ्या. एका हाताने आयएसओ बदलून पाहा. घरी आल्यावर हे फोटो मोठ्या स्क्रीनवर बघा, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळेच फोटो छान दिसतात.

मॉडेल ‘जुनं’ आहे म्हणून नाक मुरडू नका. जपानी उत्पादकांच्या सीपा या संघटनेच्या आकडेवारीत २०१० मध्ये लेन्स न निघणाऱ्या कॅमेऱ्यांची जगभरातली पाठवणी १० कोटींच्या वर होती, २०२३ मध्ये ती २० लाखांच्या खाली आली. नवी मॉडेलं आता क्वचितच निघतात. वर सांगितलेले २०१९ चे कॅमेरे आजही चोख काम करतात.

जपून राहायचं ते अनोळखी नावाच्या, अतिशय स्वस्त कॅमेऱ्यांपासून. ४८ किंवा ६४ मेगापिक्सेल, १६ पट डिजिटल झूम, एलईडी फ्लॅश, आणि ऑप्टिकल झूमचा किंवा सेन्सरच्या आकाराचा उल्लेखच नाही, अशी जाहिरात दिसली की पुढे सरका. आतला सेन्सर लहान असतो आणि मोठा आकडा पिक्सेल फुगवून आणलेला असतो.

वापरलेला कॅमेरा घेताना अॅपर्चर एफ/११ किंवा त्याहून मोठ्या आकड्यावर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नसल्याने ती घरी साफ करता येत नाही. फार जुना कॅमेरा असेल तर कार्ड कोणतं लागतं ते विचारा. एक्सडी कार्डं बनणं केव्हाच थांबलंय.

७. परत करायच्या मुदतीत हे तपासा

कॅमेरा टेबलावर किंवा स्टँडवर स्थिर ठेवा. भिंतीवर वर्तमानपत्राची मोठी पानं सपाट चिकटवून, कॅमेरा अगदी समोर धरून, एक फोटो झूम न करता आणि एक पूर्ण झूमवर काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचून पाहा. चारही थोडे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव, अॅपर्चर थोडं लहान केलं की सुधारतो. पण तीन कोपरे स्वच्छ आणि एकच धूसर असेल, तर कॅमेरा पुन्हा सरळ लावून आणखी एकदा काढा. तोच कोपरा परत धूसर आला, तर आतली भिंगं कललेली आहेत. ते दुरुस्तीला न देता सरळ कॅमेरा बदलून मागा.