अब्जावधी ओळींच्या टेबलाला झटपट प्रश्न कसा विचारावा

न्यूयॉर्कमधल्या पिवळ्या टॅक्सींच्या फेऱ्यांची नोंद तिथलं टॅक्सी खातं सर्वांसाठी खुली ठेवतं: बसण्या-उतरण्याची वेळ, अंतर, भाडं, टिप. २००९ पासूनच्या ओळी अब्जाच्या वर जातात. ‘किती टक्के प्रवाशांनी कार्डाने पैसे दिले?’ एवढ्यासाठी हे सगळं चाळायची गरज नाही; थोड्या ओळींचा नमुना पुरतो. हिशेब पै-पैचा हवा असेल तर मात्र पुढे वाचू नका.

आधी चूक किती चालेल ते ठरवा. १०,००० ओळींच्या यादृच्छिक नमुन्यावरून काढलेली टक्केवारी शंभरातल्या साधारण ९५ वेळा खऱ्या आकड्याच्या एका टक्क्याच्या आत असते. टेबल १ कोटी ओळींचं असो की १०० कोटींचं, यात फरक जवळजवळ पडत नाही. हे पचायला जड जातं, पण तसंच आहे. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट, म्हणजे ४०,००० ओळी.

आता नमुना काढणं. खरी गोची इथेच होते. क्वेरीत ‘लिमिट १००००’ (आधी हाती येतील त्या १०,००० ओळी) लिहून मिळतो तो नमुना नव्हे. डेटा तारखेनुसार भरलेला असेल तर हाती बहुधा एका जानेवारीची पहाट येईल. ‘ऑर्डर बाय रँडम’ योग्य नमुना देतं, पण त्यासाठी अख्खं टेबल वाचून क्रम लावत बसतं. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून नमुना काढणारं ‘टेबलसॅम्पल’ आहे, त्याचे दोन प्रकार. ‘सिस्टम’ ८ केबीची अख्खी पानं (ओळी साठवायचे तुकडे) उचलतं. वेगवान खरं, पण एका पानावरच्या फेऱ्या एकाच सुमाराच्या असल्या तर नमुना दिसतो त्यापेक्षा तोकडा ठरतो. ‘बर्नोली’ ओळीगणिक नाणेफेक करतं, त्यामुळे टेबल पूर्ण वाचावं लागतं. माझं मत: रात्री एकदाच बर्नोलीने १ टक्का काढा, वेगळ्या टेबलात ठेवा आणि दिवसभर त्यालाच प्रश्न विचारा. ‘रिपीटेबल’मध्ये आकडा दिलात तर, मूळ टेबल बदललं नसेल तोवर, तोच नमुना पुन्हा मिळतो.

मग उत्तर. मोजणी आणि बेरीज १०० ने गुणा. सरासरी आणि टक्केवारी तशीच ठेवा. सोबत चूक लिहायचीच. समजा १०,००० पैकी २,००० फेऱ्या रात्रीच्या निघाल्या: ०.२ × ०.८ भागिले १०,०००, त्याचं वर्गमूळ ०.००४, दुप्पट (वरच्या ९५ वेळांच्या हिशेबाने) ०.००८. म्हणजे २० टक्के, अधिक-उणे ०.८.

काही प्रश्नांना नमुना साफ निरुपयोगी. सर्वांत मोठं भाडं त्यातून कळणार नाही. वेगवेगळ्या मूल्यांची संख्याही नाही; त्यासाठी हायपरलॉगलॉग (वेगळी मूल्यं अंदाजे मोजायची पद्धत) वापरा. क्वचित फेऱ्या होणाऱ्या भागांसाठी भागवार वेगळा नमुना घ्या. दोन टेबलं जोडायची असतील तर दोन्हींतून स्वतंत्रपणे १ टक्का घेऊ नका: जुळणाऱ्या जोड्या दहा हजारांत एकच उरेल. जोडणाऱ्या रकान्याचा हॅश (मूल्यावरून निघणारा ठरावीक आकडा) काढून दोन्हीकडे त्याच किल्ल्या, म्हणजे त्या रकान्यातली तीच मूल्यं, निवडा.

आणि टिप. त्या रकान्यात फक्त कार्डाने दिलेली टिप असते. रोख टिप नोंदलीच जात नाही. नमुना कितीही मोठा घ्या, ती येणार नाही. म्हणून सरासरी टिप काढताना आधी फक्त कार्डवाल्या फेऱ्या निवडून घ्या, नमुन्यात किती उरल्या ते मोजा आणि चूक त्या संख्येवरून काढा.